घर पाहावे बांधून... आणि विमान?

लाकडाच्या पट्ट्या, सरस, कापड आणि एक छोटेसे इंजिन! एवढ्या सामानावर घरच्या घरी खरेखुरे विमान बांधता येते, आणि त्यात बसून उडताही येते. जगभर हजारो हौशी माणसांनी हे करून दाखवले आहे. मग भिलाईच्या एखाद्या क्वार्टरच्या अंगणात ते का होऊ नये? त्यासाठी काय लागते, किती धीर धरावा लागतो आणि घरच्यांना काय काय सोसावे लागते, त्याची ही गोष्ट.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. या दोन कामांत माणसाची पुरती परीक्षा होते, पैसा जातो, झोप जाते आणि कोण आपले, कोण परके तेही कळून चुकते. ज्याने कोणी ही म्हण केली, त्याच्या अंगणात विमान नव्हते एवढेच! नाहीतर त्याने तिसरी ओळही जोडली असती.

क्षणभर भिलाईत चला. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि दुर्गजवळच्या माळावर पोलादाचे एक गाव उभे राहिले. देशातल्या रेल्वेगाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यातले बरेचसे इथलेच. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काही तासांत दुर्ग येते. साहजिकच विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने या सेक्टरांमधून स्थिरावली. क्वार्टरपुढे अंगण, अंगणात पेरूचे नाहीतर आंब्याचे झाड, आणि घरात एखादा फिटर, वेल्डर, टर्नर किंवा ड्राफ्ट्समन. हत्यारे हाताळायला न घाबरणारी माणसे जिथे घरोघर आहेत, असे गाव शोधायचे तर भिलाईसारखे दुसरे नाही.

समजा, अशाच एका घरातल्या निवृत्त गृहस्थांनी एका रविवारी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केले, ‘मी विमान बांधणार!’ तर? घरातल्या मंडळींच्या चेहऱ्यांची कल्पना करा! पण हसण्याआधी कांदिवलीच्या एका गच्चीवर नजर टाकून येऊ. कारण हा वेडेपणा एका मराठी घराने खरोखरच केला आहे.

गच्चीवरचे विमान

कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातले. वैमानिकाचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले. तिथे माणसे गॅरेजमध्ये विमाने बांधतात आणि शनिवार-रविवारी ती उडवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर जेट एअरवेजमध्ये नोकरी लागली. पण डोक्यातला किडा काही गेला नाही. आपले विमान आपणच बांधायचे!

पहिले दोन प्रयत्न आकाशापर्यंत पोहोचले नाहीत. एखाद्याने तिथेच हात जोडले असते. यादवांनी तिसरे विमान बांधायला घेतले, आणि जागा निवडली ती कांदिवलीतल्या चारकोप भागातल्या आपल्या पाच मजली इमारतीची गच्ची! इमारतीला लिफ्ट नव्हती. यंत्रे, पत्रे, अवजारे, अगदी इंजिनसुद्धा जिन्यावरून वर चढवावे लागले. नोकरीत विमान उडवायचे आणि सुट्टीत गच्चीवर विमान बांधायचे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. मुंबईचा पावसाळा म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. प्रत्येक पावसाळ्यात अर्धवट सांगाडा झाकून ठेवायचा आणि आभाळ उघडले की पुन्हा कामाला लागायचे.

हे विमान लाकडाचे नव्हे, धातूचे. सहा आसनी आणि चांगले दणकट. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा त्याचे भाग सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले, तिथे नेऊन पुन्हा जोडले, आणि लोकांनी ते बघायला गर्दी केली.

पण खरी गंमत, किंवा खरे दुःख म्हणा, त्यानंतर सुरू झाले. विमान तयार होते. उडवायला परवानगी नव्हती! हौशी माणसाने बांधलेल्या विमानाची नोंद कशी करायची, त्याची तपासणी कोणी करायची, याचे नियम मध्येच बदलले होते. अर्ज, खुलासे, हेलपाटे यांत दिवस गेले. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाची नोंद झाली आणि त्याला ‘व्हीटी-एनएमडी’ ही ओळख मिळाली. त्यातली ‘एनएमडी’ ही अक्षरे यादवांनी नरेंद्र मोदी आणि देवेंद्र या नावांवरून घेतली. उडवण्याचा परवाना २०१९ च्या ऑक्टोबरात हाती आला, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीची उड्डाणे झाली.

तयार झाल्यापासून उडेपर्यंत चार वर्षे! या चार वर्षांत आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांत विमान एकट्या अमोल यादवांनी सांभाळले, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. ते एकत्र कुटुंबात राहणारे. पैसा घरातून उभा राहिला, त्यात दागिनेही गेले. गच्चीवर पापड वाळत घालायच्या जागी पंख ठेवू देणारे घर पाठीशी नसते, तर हे विमान जिन्यातच अडकले असते!

लाकूडच का?

आता पुन्हा भिलाईच्या अंगणात येऊ. आपल्या निवृत्त गृहस्थांना सहा माणसे न्यायची नाहीत. एकटे बसून, फार तर एखादा सोबती घेऊन, सकाळच्या शांत हवेत एक फेरी मारायची आहे. असे छोटे विमान बांधायचे तर आजही अनेक हौशी माणसे लाकूड निवडतात. पोलादाच्या गावात लाकडाचे विमान, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण कारण साधे आहे. लाकडाला महागडी यंत्रे लागत नाहीत. करवत, रंधा, पटाशी, कानस आणि भरपूर शिकंजे एवढ्यावर काम होते. आवाज कमी, ठिणग्या नाहीत, आणि चूक झाली तर तो तुकडा टाकून दुसरा घेता येतो.

मात्र, कुठलेही लाकूड चालत नाही. छत्तीसगडचा राजवृक्ष साल. त्याचे लाकूड एका घनमीटरला आठशे किलोंच्या पुढे भरते. सागवान साधारण साडेसहाशे. विमानासाठी जगभर वापरले जाते ते स्प्रूस नावाचे सूचिपर्णी लाकूड मात्र चारशे-सव्वाचारशे किलोंतच आटोपते, आणि वजनाच्या मानाने त्याची ताकद चांगली असते. त्याचे तंतू सरळ, लांब, एकसारखे हवेत. मध्ये गाठ नको, राळेची पोकळी नको, तंतू तिरके गेलेले नकोत. घराच्या चौकटीला चालते ते लाकूड विमानाला चालेलच असे नाही. चौकट मोडली तर सुतार बोलावता येतो. हजार फुटांवर सुतार कुठून आणणार?

लाकडी विमानाची परंपराही थोर आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधू उडाले ते स्प्रूसच्या काड्या आणि सुती कापड यांच्या विमानातून. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे! सायकलचे दुकान चालवणारे हे दोघे भाऊ काही कॉलेजात शिकलेले इंजिनिअर नव्हते. त्यांच्या १९०० सालच्या पहिल्या मोठ्या ग्लायडरचे काम झाल्यावर त्याचे कापड किटी हॉक गावातल्या टेट बाईंनी उचलून घरी नेले आणि आपल्या दोन मुलींना त्याचे झगे शिवले. विमानविद्येच्या इतिहासात गृहिणीची काटकसर अशी पहिल्या पानापासून हजर आहे!

आपल्या देशातही याची सुरुवात लवकर झाली. १९१० साली मद्रासमधले एक हॉटेलमालक जाकोमो दांजेलिस यांनी तिथल्या सिम्पसन कंपनीच्या घोडागाड्या बांधणाऱ्या कारखान्यात स्वतःचे विमान बांधून घेतले आणि पल्लावरमला ते उडवले. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव तर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, अशी आख्यायिका आहे. त्यांनी या विषयाचा ध्यास घेतला होता, हे खरे. पण त्या उड्डाणाला त्या काळचा भक्कम पुरावा नाही. अभिमान बाळगावा, पण विमान बांधायला बसताना हातात आख्यायिका नव्हे, आराखडा असावा!

आराखड्याशी खेळ नको

आराखडे मिळतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे एक छोटे गाव आहे. तिथले बर्नार्ड पीटनपोल हे स्वतःच शिकलेले मेकॅनिक. १९२९ च्या सुमारास त्यांनी ‘एअर कँपर’ हे दोन माणसांचे लाकडी विमान केले आणि त्याला चक्क फोर्ड मोटारीचे इंजिन बसवले. त्याच आराखड्यावरून लोक आजही विमाने बांधतात. फ्रान्समध्ये १९४८ साली जोली आणि देलमोंते या जोडीने ‘जोदेल’चे पहिले एक आसनी लाकडी विमान उडवले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या इव्हान्स यांनी नवशिक्यांसाठी ‘व्होक्सप्लेन’ काढले. पंख सरळसोट फळीसारखे, इंजिन फोक्सवॅगन मोटारीचे, आणि रिकाम्या विमानाचे वजन सुमारे २०० किलो. म्हणजे एका दणकट मोटारसायकलपेक्षा फार जास्त नाही!

पण इथेच एक धोक्याचा कंदीलही लावून ठेवला पाहिजे. १९३४ साली फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी ‘पू द्यू सिएल’, म्हणजे ‘आकाशातली ऊ’, नावाच्या चिमुकल्या विमानाचे पुस्तक लिहिले. ज्याला खोके ठोकता येते त्याला हे विमान बांधता येईल, असा त्याचा एकूण सूर. युरोपभर एकच धूम उडाली. माणसे बैठकीच्या खोलीतून, गोठ्यातून विमाने बांधू लागली. आणि मग एकामागून एक अपघात झाले, माणसे दगावली. शास्त्रज्ञांनी वाऱ्याच्या बोगद्यात तपासले तेव्हा कळले की, विमानाने एका मर्यादेपलीकडे नाक खाली घातले की ते वर काढणे चालकाच्या हातात राहतच नाही. दोष ना लाकडाचा होता ना बांधणाऱ्याचा; तो रचनेतच होता. पुढे रचना सुधारली, पण गेलेली माणसे परत आली नाहीत. म्हणून अनुभवी मंडळी सांगतात की, अनेकांनी बांधून उडवलेलाच आराखडा घ्या आणि त्यात आपली अक्कल घुसडू नका. ‘इथे थोडे जाड लाकूड घालू, म्हणजे मजबूत होईल’ हा विचार पलंगाला ठीक. विमानात त्याने वजनाचा तोल बिघडतो.

एक फासळी, एक रात्र

काम सुरू होते ते पंखाच्या फासळ्यांपासून. सपाट फळीवर फासळीचे पूर्ण मापाचे चित्र चिकटवायचे. रेषांच्या दोन्ही बाजूंना छोटे ठोकळे ठोकायचे, म्हणजे साचा तयार झाला. त्यात बोटापेक्षा बारीक काड्या बसवायच्या. वरच्या बाकासाठी काडी गरम पाण्यात भिजवून वाकवायची. जिथे दोन काड्या मिळतात तिथे पातळ प्लायवूडचा तुकडा सरसाने चिकटवायचा. रात्रभर ठेवायचे. सकाळी साच्यातून काढली की एक फासळी तयार. अशा पंचवीस-तीस लागतात, आणि सगळ्या एकसारख्या! म्हणजे रोज एक केली तरी महिना झाला. विणकाम करणाऱ्या बायकांना हे लगेच समजेल. स्वेटरचा एक टाका काही कठीण नसतो. कठीण असते ते त्याच ताणाने शेवटचा टाका घालणे.

मग पंखाच्या मुख्य तुळया, मग धडाचा पेटीसारखा सांगाडा, मग शेपूट. लांब पट्टी एका तुकड्यात मिळाली नाही तर दोन तुकडे जोडावे लागतात. ते टोकाला टोक लावून नव्हे. दोन्ही टोकांना उतार देऊन तिरका सांधा करायचा, आणि तो उतार लाकडाच्या जाडीच्या दहा ते बारा पट लांब हवा. पट्टी दोन सेंटिमीटर जाड असेल तर सांधा वीत-सव्वा वीत लांब! कारण सरसाची पकड क्षेत्रफळावर असते.

न दिसणारा सांधा

आणि आता या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. लाकडी विमान ज्यावर टिकते ते लाकूड नव्हे, तो सांधा. आणि सांधा एकदा मिटला की आतून कसा आहे, हे कोणालाच दिसत नाही.

याचा धडा जगाला दिला तो आपल्याच देशातल्या हवेने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘मॉस्किटो’ नावाचे लाकडी लढाऊ विमान केले. बाल्सा आणि बर्चचे प्लायवूड, आणि बांधणारे कारागीर फर्निचरच्या कारखान्यांतले! वेगाने ते भल्याभल्यांना मागे टाकी. पण १९४४ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात आलेल्या या विमानांपैकी काही हवेतच मोडली. नोव्हेंबरात सगळी जमिनीवर उतरवून तपासणी झाली. दमट उष्ण हवेने सांधे सुटले की काय? सुरुवातीच्या विमानांत केसीनचा सरस असे. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन. दूध नासल्यावर जो चोथा उरतो त्यातलेच. पाणी आणि बुरशी यांच्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. पण तपासणीत दुसरीही गोष्ट पुढे आली. काही ठिकाणी लाकडाचे दोन भाग एकमेकांवर नीट बसलेच नव्हते; मध्ये फट होती आणि फटीत नुसता सरस. म्हणजे हवा वाईट होती हे खरे, पण हातही चुकला होता.

भिलाईच्या गृहस्थांनी ही गोष्ट कपाटावर लिहून ठेवावी. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे धावतो, लाकूड सुकून आक्रसते. जुलैत हवा पाण्याने जड होते, लाकूड फुगते. आज इपॉक्सीसारखे पाण्याला दाद न देणारे सरस मिळतात, पण त्यांनाही कोरडे लाकूड, स्वच्छ पृष्ठभाग आणि दोन भागांचे अचूक प्रमाण लागते. म्हणून सरस कालवला की त्याच सरसाने, त्याच वेळी, लाकडाचे दोन फालतू तुकडेही चिकटवून बाजूला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते हातोडीने तोडायचे. लाकूड फाटले आणि सांधा शाबूत राहिला तर काम पास. सांधा सुटला तर त्या दिवशी केलेले सगळे काम फेकून द्यायचे! मन घट्ट करून. तिथे कोणी बघणारे नसते. नातवाला विचारले तर तोही म्हणेल, ‘आजोबा, वरून तर छान दिसतंय!’

भिलाईच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. इथला रूळ कारखान्याबाहेर पडण्याआधी त्याची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी होते, पोटात कुठे भेग नाही ना ते पाहायला. वरून चकचकीत असणे पुरेसे नाही, हे इथे तीन पिढ्यांना ठाऊक आहे. अंगणात तसे यंत्र नसते. तिथे यंत्राची जागा घ्यायची असते स्वतःच्या प्रामाणिकपणाने, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्याने. म्हणूनच परदेशातले हौशी बांधणारे दर टप्प्याला जाणकार माणसाला बोलावतात. पंख कापडाने झाकण्याआधी तर नक्कीच.

आईची इस्त्री, बाबांचा पंख

सांगाडा झाला की त्याला कापडाचे कातडे. पूर्वी सुती किंवा लिनन कापड असे, आता पॉलिस्टर. ते सैलसर चिकटवायचे आणि मग त्यावर फिरवायची, कशाची कल्पना करा, घरातली इस्त्री! ठरलेल्या तापमानाला तापलेली इस्त्री फिरली की कापड आक्रसते आणि ढोलकीच्या पानासारखे ताणले जाते. तापमान कमी पडले तर कापड सैल. जास्त झाले तर ते खराब होते, नाहीतर फासळ्या वाकतात. म्हणून थर्मामीटर लावून इस्त्री आधी तपासून घेतात. अर्थात, त्यानंतर ती इस्त्री घरच्या साड्यांना परत मिळेल, याची खात्री नाही!

पुढचे काम तर एकट्याने होतच नाही. कापड प्रत्येक फासळीला दोऱ्याने शिवून बांधावे लागते. पंख उभा करायचा. एक जण अलीकडे, एक जण पलीकडे. हातभर लांब सुई याने तिकडे घालायची, त्याने फासळीला वळसा देऊन परत इकडे पाठवायची, गाठ घट्ट करायची, आणि थोड्या अंतरावर पुन्हा तेच. शेकडो गाठी! नवरा-बायकोने असे दोन संध्याकाळी समोरासमोर, पण एकमेकांना न दिसता, बसून काम केले तर संसाराच्याही चार गोष्टी होऊन जातील.

मग इंजिन, चाके, सुकाणूच्या तारा. आणि शेवटी तराजू. तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून विमान तोलतात आणि तोलाचा मध्य कुठे येतो त्याचा हिशेब करतात. तो ठरलेल्या मर्यादेत नसेल तर उडायचे नाव काढायचे नाही. या दिवशी चालकालाही काट्यावर उभे राहावे लागते. कित्येक बांधणाऱ्यांच्या लक्षात येते की, विमानाचे वजन कमी करायला वर्षानुवर्षे झटलो, पण या काळात स्वतःचे मात्र वाढवून बसलो!

एक प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी विचारावा. हे बाहेर कसे निघणार? छोट्या विमानाचाही पंख टोकापासून टोकापर्यंत सात-आठ मीटर भरतो. यादवांना क्रेन लागली. अंगणातल्या विमानाला निदान फाटक मोठे आणि पंख सुटा होणारा हवा.

कागद आणि धावपट्टी

विमान बांधणे हा छंद आहे. ते उडवणे हा कायद्याचा विषय. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि परवाना नसताना घरच्या विमानाने जमीन सोडणे हा गुन्हा आहे. तेव्हा पहिली काडी कापण्याआधीच या खात्याशी पत्रव्यवहार सुरू करावा, प्रत्येक टप्प्याची वही ठेवावी, फोटो काढावेत, लाकडाची आणि सरसाची बिले जपून ठेवावीत. यादवांच्या चार वर्षांचा धडा हाच. शिवाय, चालवणाऱ्याकडे वैमानिकाचा परवाना हवा तो वेगळाच.

धावपट्टीचे म्हणाल तर भिलाईला ती दूर नाही. ज्या नंदिनीच्या खाणीतून पोलाद कारखान्याला चुनखडी येते, तिथेच कारखान्याची धावपट्टी आहे. अर्थात तिथेही परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही.

एवढे सगळे वाचून धीर खचला असेल तर केरळच्या सजी थॉमस यांची आठवण करावी. त्यांना जन्मापासून ऐकू-बोलता येत नाही. पैसा बेताचा. तरी वर्षानुवर्षे जमेल तसे सामान गोळा करून त्यांनी हलके दोन आसनी विमान बांधले, आणि ते उडालेही.

आणि ज्यांना एवढी मोठी उडी घ्यायची नाही त्यांनी छोट्यापासून सुरुवात करावी. मुलांना घेऊन बाल्साचे मॉडेल बांधावे; एनसीसीच्या हवाई विभागात कॅडेटना ते शिकवतात. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राने इंजिनाविना उडण्याची चव कित्येकांना चाखवली आहे. एक साधे मॉडेल सरळ उडवून दाखवले की खऱ्या विमानाबद्दलचा आदर आपोआप वाढतो.

आता पुन्हा त्या रविवारच्या चहाकडे. गृहस्थांनी ‘मी विमान बांधणार’ असे जाहीर केले, तेव्हा घरच्यांनी काय म्हणावे? पैशाचे विचारावे, जागेचे विचारावे, जिवाचे तर नक्कीच विचारावे. आणि उत्तरे पटली तर म्हणावे, ‘मी नव्हे, आपण बांधणार!’ कारण हे काम चार-सहा वर्षे घरात ठाण मांडून बसते. त्यात बायकोच्या इस्त्रीचा, मुलीच्या वहीचा आणि शेजाऱ्याच्या डोळ्याचाही वाटा असतो. सर्वांत मोठा वाटा मात्र त्या माणसाचा, जो संध्याकाळी अंगणात येऊन तुटलेला नमुना हातात घेतो आणि स्पष्ट सांगतो, ‘हा सांधा सुटलाय. आजचं काम परत करा.’

असे सांगणारे माणूस घरात असेल, आणि ते ऐकणारेही, तर खुशाल बांधायला घ्या!